टेबलापुरता एफएम ट्रान्समीटर: किट उघडल्यापासून आवाज लागेपर्यंत

एफएम ट्रान्समीटरच्या साध्या किटमध्ये मोजून चौदा-पंधरा पार्ट असतात. सोल्डरिंग येणारा माणूस ते तासाभरात जोडतो, बॅटरी लावतो, रेडिओची सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो आणि काहीच ऐकू येत नाही. कॉलेजात असताना माझी पहिली दोन किटं अशीच गेली. पार्ट चांगले होते, जोडणीही नकाशाप्रमाणेच होती. चूक एवढीच, की मी तारेला नुसती तार समजत होतो.

१०० मेगाहर्ट्‌झला तार हाही एक पार्ट असतो. सरळ तारेच्या एका सेंटीमीटरमध्ये साधारण ८ ते १० नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो, म्हणजे कॉइलमध्ये असतो आणि फ्रीक्वेन्सी ठरवतो तोच गुण. या किटमधली कॉइल, म्हणजे तारेचे गुंडाळलेले वेढे, जेमतेम ८० नॅनोहेन्रीची. म्हणजे कॉइलचे दोन पाय एकेक सेंटीमीटर लांब ठेवले, तर न कळत पाचवा हिस्सा कॉइल जास्तीची लागली. रेडिओच्या पट्ट्याबाहेर जायला तेवढं पुरतं. आता मी कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांकडून हे किट करून घेतो, तेव्हा अर्धा वेळ फक्त पाय आखूड कापण्यावर आणि कॉइल नीट गुंडाळण्यावर जातो. हा लेखही तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

आधी कायद्याचं

एके काळी आपल्याकडे घरी रेडिओ ऐकायलाही पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागत. ऐकण्याचं ते लायसन्स गेलं, पाठवण्याचं राहिलं. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात असं यंत्र बाळगायलाच परवाना लागत असे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरणांसाठी परवानगीची अट कायम ठेवली आहे. बिहारमधल्या मन्सूरपूर गावात राघव महतो या तरुणाने अगदी थोड्या खर्चाच्या किटवर गावासाठी एफएम केंद्र चालवलं होतं. गावाचा त्यावर फार जीव होता, पण लायसन्स नव्हतं म्हणून २००६ मध्ये ते बंद झालं. त्यामुळे हे काम शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये शिक्षकांसमोर करा आणि दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगचे नियम आधी विचारून घ्या.

दुसरं कारण मला कायद्याहून मोठं वाटतं. आपला एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्‌झला संपतो आणि लगेच विमानांचा पट्टा सुरू होतो. आधी धावपट्टीची दिशा दाखवणाऱ्या यंत्रणा, मग ११८ पासून वैमानिक आणि टॉवर यांचं बोलणं. आपली कॉइल तीन मिलिमीटर ताणली गेली की आपण तिथे पोचतो, याचा हिशोब पुढे येईलच. म्हणून माझा नियम ठरलेला आहे: अँटेनाचं छिद्र रिकामं ठेवायचं आणि चाचणी स्टीलच्या डब्यात करायची. अँटेना नसली तरी कॉइल स्वतःच थोडंफार पाठवते. ते टेबलावरच्या रेडिओला पुरतं आणि शिकायलाही पुरतं.

किट आणि आत काय असतं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन. किटं दोन जातींची मिळतात. एकात बीएच१४१७ सारखी तयार आयसी असते. तिला ७.६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल लागतो, फ्रीक्वेन्सी छोट्या स्विचांनी ठरते आणि ती जागची हलत नाही, शिवाय स्टिरिओही मिळतो. काम छान होतं, पण हातात कळल्यासारखं काही लागत नाही. दुसऱ्या जातीत एकच ट्रान्झिस्टर असतो आणि फ्रीक्वेन्सी तुमच्या हाताने गुंडाळलेली कॉइल ठरवते. शिकायचं असेल तर हेच घ्या. पुढचं सगळं याच किटबद्दल आहे.

पिशवी ताटलीत ओता आणि पार्ट ओळखून घ्या. कंडेन्सर माईक, त्याला व्होल्टेज देणारा १० किलोओहमचा रेझिस्टन्स, बेसला २७ किलो आणि १० किलो, एमिटरला ४७० ओहम (बेस, एमिटर आणि कलेक्टर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय). सिरॅमिक कपॅसिटर चार, त्यांपैकी १०४ आणि १०२ हे अंगावर छापलेले आकडे: माईकचा आवाज बेसला पोचवणारा १०४, बेसवरची उच्च फ्रीक्वेन्सी ग्राउंडला नेणारा १०२, कलेक्टरकडून एमिटरला थोडी ऊर्जा परत आणणारा १० पिकोफॅरडचा आणि बॅटरीवर आणखी एक १०४. शिवाय ५ ते ३० पिकोफॅरडचा ट्रिमर, म्हणजे स्क्रू फिरवून बदलता येणारा कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, बॅटरीची क्लिप, तांब्याची इनॅमल (वरून पातळ लेप असलेली) वायर आणि पार्ट बसवायचा बोर्ड, म्हणजे पीसीबी. किटागणिक हे आकडे थोडे बदलतात, रचना तीच राहते.

इथे घोटाळे ठरलेले असतात. ४७० ओहम म्हणजे पिवळा-जांभळा-तपकिरी, ४.७ किलो म्हणजे पिवळा-जांभळा-लाल. पिवळ्या बल्बखाली तपकिरी आणि लाल सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक रेझिस्टन्स मीटरवर मोजूनच लावा. सिरॅमिकवर नुसतं १० लिहिलं असेल तर १० पिकोफॅरड, आणि १०३ लिहिलं असेल तर १०,००० पिकोफॅरड. १० च्या जागी १०३ बसला तर सर्किट मुकं राहतं आणि दोष शोधताना जीव जातो. १० पिकोफॅरडच्या डोक्यावर काळा ठिपका असेल तर उत्तम. तो एनपीओ जातीचा, गरम झाला तरी फारसा बदलत नाही.

ट्रान्झिस्टर बहुधा बीसी५४७ असतो. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बदली म्हणून बीएफ४९४ मिळाला तर तो तसाच त्या छिद्रांत ठोकू नका. त्याचा मधला पाय एमिटर आहे, बेस नव्हे. मी एकदा हे न बघता लावला होता आणि संध्याकाळभर कॉइलला दोष देत बसलो होतो.

सोल्डरिंग

२५ वॅटचं आयर्न, बारीक टोक, राळ असलेलं बारीक सोल्डर. आधी रेझिस्टन्स, मग सिरॅमिक, मग ट्रान्झिस्टर, शेवटी माईक. माईकच्या दोन टोकांपैकी जे त्याच्या पत्र्याच्या कवचाला जोडलेलं दिसतं ते ग्राउंड. त्याला उष्णता सोसत नाही, म्हणून दोन सेकंदांत डाग देऊन बाजूला व्हा.

प्रत्येक पार्ट बोर्डाला टेकेपर्यंत खाली दाबा. दिवाळीच्या कंदिलासारखे वर लोंबणारे सिरॅमिक ऑडिओच्या सर्किटला चालतात, इथे चालत नाहीत. १०२ आणि १० पिकोफॅरड या दोघांचे पाय तर शून्य ठेवता आले तर ठेवावेत. ट्रान्झिस्टर बोर्डापासून तीन मिलिमीटर वर राहिला तर हरकत नाही, त्याहून वर नको.

ट्रिमर लावताना एक गोष्ट बहुतेक नकाशांत लिहिलेली नसते. ट्रिमरच्या दोन टोकांपैकी एक त्याच्या स्क्रूला जोडलेलं असतं. मीटर लावून ते शोधा आणि ते टोक बॅटरीच्या प्लसकडे येईल असं बसवा, कलेक्टरकडे नको. प्लसची बाजू उच्च फ्रीक्वेन्सीच्या दृष्टीने ग्राउंडच असते, त्यामुळे स्क्रूला काही टेकलं तरी फ्रीक्वेन्सी कमी उडते. उलटं बसवलं तर स्क्रू फिरवताना एक ठिकाण आणि हात काढल्यावर दुसरंच.

कॉइल अजून लावायची नाही. तिच्या जागी आखूड तारेचा एक तुकडा तात्पुरता जोडा आणि ९ व्होल्टची नवी बॅटरी लावा. आता सर्किट आंदोलन करू शकत नाही, म्हणजे स्वतःहून लहर निर्माण करू शकत नाही, आणि मीटर खरं बोलेल. बेसवर २.३ व्होल्टच्या आसपास, एमिटरवर १.६ ते १.७, माईकच्या प्लसवर ५ ते ७. बॅटरीतून एकूण साधारण ४ मिलिअँपिअर. एमिटरला शून्य किंवा फारच कमी आलं तर ट्रान्झिस्टर उलटा तरी आहे किंवा २७ किलोच्या जागी काहीतरी भलतं बसलं आहे. बेस आणि एमिटर यांच्यातला फरक ०.६ ते ०.७ व्होल्ट नसेल तर पुढे जाऊच नका. हे पाच मिनिटांचं मोजमाप मी सुरुवातीला टाळत असे. आता टाळत नाही, कारण नंतर रेडिओ गप्प राहिला तर दोष कॉइलच्या आसपासच आहे हे नक्की कळतं.

कॉइल

ड्रिलचं ५ मिलिमीटरचं पातं घ्या. २२ नंबरची इनॅमल वायर, जाडी ०.७ मिलिमीटर, वीतभर कापा. तिचं एक टोक पकडीत धरून दुसऱ्या टोकाने एकदा जोरात ओढा. तार ताठ होते, वळ्या जातात आणि गुंडाळताना ती उलटी उसळत नाही. मग पात्याच्या मागच्या गुळगुळीत दांड्यावर पाच वेढे घाला, एकाला एक चिकटून. अंगठा सतत तारेवर दाबलेला हवा. पाते फिरवायचं, तार नाही. पाच पूर्ण झाले की दोन्ही टोकं एकाच बाजूला, सरळ खाली वळवा. कॉइल पात्यावरून काढायची नाही, अजून काम आहे.

टोकांवरचं इनॅमल खरवडायचं आहे. ते पारदर्शक असतं आणि तांब्याच्याच रंगाचं दिसतं, म्हणून खरवडलं असं वाटतं आणि खरवडलेलं नसतं. ब्लेडने चारही बाजूंनी ओढा, तार गुलाबी चकचकीत दिसली पाहिजे. मग त्यावर कथील चढवा. ते तारेला लपेटून बसलं तर साफ झालं, थेंब होऊन घसरलं तर अजून इनॅमल आहे. माझ्या पाहण्यात बंद पडलेल्या किटांमध्ये हा दोष सर्वांत जास्त असतो.

आता वेढ्यांमध्ये नख घालून किंचित फट पाडा, कॉइलची लांबी ७ मिलिमीटर होईपर्यंत. पट्टीने मोजा. हिशोब असा: या मापाची कॉइल साधारण ८३ नॅनोहेन्रीची होते आणि १०० मेगाहर्ट्‌झला तिला सगळे मिळून ३० पिकोफॅरड लागतात. ट्रिमर, १० पिकोफॅरडचा वाटा, ट्रान्झिस्टरची स्वतःची कपॅसिटी आणि बोर्डाच्या पट्ट्या मिळून ते भरून निघतं. हीच कॉइल ताणून १० मिलिमीटरची केली तर ती ६४ नॅनोहेन्रीवर येते आणि फ्रीक्वेन्सी ११४ च्या पुढे जाते. तीन मिलिमीटरांत आपण एफएममधून विमानांच्या पट्ट्यात. कॉइल दाबायची वेळ आली तर खुशाल दाबा, ताणताना मात्र एका वेळी अर्धा मिलिमीटर.

तात्पुरती तार काढून कॉइल बोर्डाला टेकवून बसवा आणि डाग द्या. मगच पाते ओढून काढा.

आवाज शोधणं

खरवडायला ब्लेड वापरलं, ट्रिमर फिरवायला मात्र लोखंड नको. बांबूच्या काडीचं टोक स्क्रूड्रायव्हरसारखं तासून घ्या, आइसक्रीमची काडीही चालते. ३० पिकोफॅरडमध्ये एका पिकोफॅरडची भर पडली तर फ्रीक्वेन्सी दीडेक मेगाहर्ट्‌झने खाली येते. लोखंडी पेचकस किंवा तुमचं बोट तेवढं सहज करतं.

रेडिओ एक मीटरवर ठेवा आणि जिथे फक्त खरखर आहे अशी जागा निवडा. मुंबईत ९८.३, १००.७, १०७.१ यांच्याजवळ जाऊ नका, तिथे आधीच दमदार केंद्रं आहेत. समजा ९६ च्या आसपास मोकळं आहे. रेडिओ तिथे ठेवून ट्रिमर अगदी हळू फिरवा. आवाज येईल अशी वाट पाहू नका, खरखर थांबेल याची वाट पाहा. रेडिओ एकदम मुका झाला की तुमची लहर लागली. माईकवर नखाने टिचकी मारा. रेडिओ जवळ असेल तर कर्कश शिट्टी सुरू होईल, कारण रेडिओचा आवाज माईकमध्ये जाऊन पुन्हा रेडिओतून येतो. रेडिओला इअरफोन लावला की ती थांबते.

पहिल्यांदा लागलं म्हणजे खरं ठिकाण मिळालंच असं नाही, आणि हे नीट समजून घ्यावं अशी कळकळीची विनंती आहे. डायलच्या सुईचे जुने रेडिओ आतमध्ये १०.७ मेगाहर्ट्‌झवर काम करतात. त्यामुळे डायल ज्या आकड्यावर आहे त्याच्या २१.४ वरची जोरदार लहरही त्यांना ऐकू येते. तुम्ही ९० वर आवाज ऐकता आणि बोर्ड प्रत्यक्षात १११.४ वर चाललेला असतो. साधी बेरीज करून बघा: एफएमच्या पट्ट्यात कुठेही अशी खोटी प्रतिमा ऐकू आली, तर खरी लहर १०८ च्या वरच असते. म्हणून दुसऱ्या जातीचा रेडिओ, म्हणजे एफएम असलेला फोन, जवळ आणून त्याच आकड्यावर आवाज येतो का पाहा. दोन्हीकडे तोच आकडा आला तरच विश्वास ठेवा. न आल्यास बॅटरी लगेच काढा, कॉइल थोडी दाबून जवळ आणा आणि पुन्हा सुरुवात करा.

रेडिओ फार जवळ असेल तर एकच केंद्र तीन-चार जागी लागतं. रेडिओ दोन-तीन मीटर मागे न्या. खोटी ठिकाणं विरून जातात, खरं राहतं.

काहीच लागत नसेल तर क्रम असा ठेवा. कॉइलला बोट लावा आणि एमिटरचं व्होल्टेज पाहा. किंचित हललं तर सर्किट आंदोलन करतंय, फक्त पट्ट्याबाहेर आहे. अजिबात हललं नाही तर इनॅमल, १० पिकोफॅरड आणि १०२ या तिघांकडे बघा. लहर लागते पण बोलणं येत नाही, तेव्हा माईक उलटा आहे. बोलणं फाटकं येतं, तेव्हा तोंड माईकच्या फार जवळ आहे. रेडिओ एफएमचं बोलणं फ्रीक्वेन्सीच्या हालचालीतून ओळखतो आणि ही हालचाल ७५ किलोहर्ट्‌झपर्यंतच अपेक्षित असते. १०० मेगाहर्ट्‌झला तेवढी हालचाल घडवायला अवघा ०.०४५ पिकोफॅरडचा फरक पुरतो. तुमचा आवाज माईकमधून बेसवर जातो, बेसच्या व्होल्टेजबरोबर ट्रान्झिस्टरच्या आतली कपॅसिटी तेवढीशी श्वास घेतल्यासारखी कमी-जास्त होते आणि त्यातून शब्द निघतात. मला हे आजही विलक्षण वाटतं. मोबाइलच्या चार्जरवर बोर्ड चालवू नये तेही यामुळेच, कारण चार्जरची गुणगुण त्याच वाटेने आत शिरते.

डब्यातली चाचणी

पीठ ठेवतो तसा झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, तळाला पुठ्ठा घाला आणि बोर्ड त्यावर ठेवा. पुठ्ठा विसरलात तर बोर्डाच्या खालच्या बाजूचे डाग डब्याला लागून सगळं शॉर्ट होईल. डब्यात ठेवल्याबरोबर आवाज रेडिओवरून सरकतो. भिंती जवळ आल्या, कॉइलचं गणित बदललं. रेडिओ थोडा फिरवून लहर पुन्हा पकडा आणि आकडा १०८ च्या आत आहे याची खात्री करा. बोर्डाशेजारी किल्लीचं टिकटिक घड्याळ ठेवा आणि झाकण हळूहळू सरकवत बंद करा. टिकटिक बारीक होत जाते, मग खरखर तिच्यावर चढते आणि झाकण घट्ट बसलं की नुसती खरखर उरते. रेडिओ इकडे-तिकडे फिरवून बघा, लहर फक्त सरकली नाही ना. लॅबमधली मुलं या क्षणी हमखास गप्प होतात. मग कुणीतरी झाकण पुन्हा उचलतं आणि टिकटिक परत येते.

फ्रीक्वेन्सी पहिली दहा मिनिटं थोडी सरकत राहते, ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर जागचे गरम होईपर्यंत. बॅटरी उतरत गेली तरी सरकते. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा ट्रिमर लावा आणि मग मेणबत्तीचे दोन थेंब कॉइलवर सोडा, वेढे जागच्या जागी बसतात. मेणानेही फ्रीक्वेन्सी जराशी खाली येते, म्हणून ट्रिमरचा शेवटचा हात मेण थंड झाल्यावर.

ज्यांना खरंच दूरवर बोलायचं आहे त्यांच्यासाठी वाट आहे. हॅम, म्हणजे हौशी, रेडिओची परीक्षा द्या. लायसन्स आणि स्वतःचा कॉलसाइन (हवेत ओळख सांगायचं सांकेतिक नाव) मिळाला की १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रीतसर बोलता येतं आणि इथे शिकलेली कॉइल तिथेही कामाला येते. गावासाठी केंद्र हवं असेल तर ते एकट्याला मिळत नाही, संस्थेला मिळतं. साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी तशीच चालते.

काम संपलं की बॅटरीची क्लिप काढून ठेवा, नुसता स्विच बंद करण्यावर भागवू नका. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख, कॉइलची लांबी आणि लागलेली फ्रीक्वेन्सी लिहा. पुढच्या वेळी बोर्ड दुसऱ्याच आकड्यावर लागला तर आधी बॅटरी मोजा, मग मेणाला चीर गेली आहे का ते पाहा.